कयाकवरच्या मासेमारीसाठी बचावाचा चाकू आणि फिलेची सुरी कशी निवडावी

नाशिकच्या भोवती गंगापूर, काश्यपी, वालदेवी, दारणा, मुकणे आणि इगतपुरीकडे वैतरणा असे जलाशय आहेत, आणि कयाकमध्ये, म्हणजे अरुंद, हलक्या वल्ह्याच्या होडीत, बसून गळ टाकण्याची आवड असलेल्या माणसाला ही मोठीच सोय आहे. या छंदाचे साहित्य घेताना रॉड, रीळ, वल्हे आणि लाइफ जॅकेट यांवर पुष्कळ विचार होतो. चाकू मात्र बहुतेक वेळा घरातला किंवा दुकानदाराने शेवटी पुढे केलेला असाच उचलला जातो. त्यातही एकच चाकू दोन्ही कामांना वापरण्याचा मोह होतो, म्हणजे अडचणीत दोर किंवा तंगूस कापायचा तोच आणि मासा कापायचाही तोच. ही दोन कामे इतकी भिन्न आहेत की एका कामासाठी चाकू जितका चांगला, तितका तो दुसऱ्या कामाला धोक्याचा ठरतो. माशाचे मांस काट्यापासून सोडवायला, म्हणजे फिले काढायला, लांब, पातळ, लवचीक पाते आणि अणकुचीदार टोक लागते. पाण्यात पडलेल्या माणसाच्या पायाला गुंतलेला दोर कापायला आखूड, ताठ पाते आणि बोथट टोक लागते. म्हणून चाकू दोन घ्यावेत, आणि त्यांपैकी एकच पाण्यावर न्यावा. कोणता न्यावा आणि का, हे पुढे सविस्तर सांगतो.

बचावाचा चाकू

हा चाकू कशापासून वाचवण्यासाठी आहे हे नीट समजले की त्याची निवड निम्मी झालीच. आपल्याकडच्या धरणांमध्ये मासेमारीचे हक्क साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात आणि त्यांचे सभासद नायलॉनच्या बारीक तंगुसाची जाळी पाण्यात उभी लावून ठेवतात. थर्मोकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या रांगेने तरंगताना दिसल्या की खाली जाळे आहे असे समजावे. पहाटेच्या अंधुक उजेडात किंवा धुक्यात ही रांग दिसत नाही. त्यातच कयाक उलटली तर पायाला जाळे, हाताला वल्ह्याची दोरी आणि कमरेभोवती नांगराचा दोर असा गुंता काही क्षणांत होऊ शकतो. लाइफ जॅकेट माणसाला वर ढकलत असते आणि अडकलेला दोर त्याला जागीच धरून ठेवतो. पाणी हालत असेल, लाटा असतील किंवा कयाक वाऱ्याने ओढली जात असेल, तर ही ओढाताण वाढतच जाते. पाणी उतरल्यावर जलाशयाच्या काठच्या गाळात उघड्या पडणाऱ्या बाभळी पाणी भरल्यावर पुन्हा बुडतात. त्यांच्या फांद्यांत नांगर अडकणे तर नेहमीचेच आहे. अशा वेळी एका हाताने, न पाहता, ओल्या बोटांनी निघेल आणि आपल्याच अंगात घुसणार नाही, असा चाकू हवा.

म्हणून पहिली अट टोकाची. बचावाच्या चाकूचे टोक बोथट किंवा छिन्नीसारखे सपाट असावे. घाबरलेला माणूस पाण्याखाली हात मारत असताना टोकदार पाते स्वतःच्या मांडीत, सोबत्याच्या हातात किंवा हवेवर फुगवलेल्या कयाकमध्ये शिरायला वेळ लागत नाही. हवेच्या कयाकवर तर टोकदार चाकू नेऊच नये, हा नियम अपवाद न करता पाळावा.

दुसरी अट म्हणजे पाते मुठीत पक्के बसवलेले असावे, घडीचे नसावे. घडीचा चाकू खिशात छान मावतो, पण तो उघडायला बहुधा दोन हात किंवा निदान अंगठ्याची सफाई लागते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, विशेषतः निफाडच्या बाजूला, पहाटेची थंडी किती कडक असते हे सांगायला नको. त्या गारठ्यात ओले झालेले अंगठे पाते उघडण्याच्या बारीक खुंटीवर चालत नाहीत. शिवाय घडीच्या सांध्यात वाळू आणि गाळ जातो, कुलूप नीट बसत नाही आणि जोर लावताच पाते बोटांवर मिटण्याची भीती राहते. घडीचा चाकू जवळ असेल तर तो दुसरा म्हणून राहू द्यावा, पहिला म्हणून नव्हे.

पात्याची लांबी तीन इंचांच्या आसपास पुरते. त्याहून लांब पाते लाइफ जॅकेटवर बसत नाही आणि अंगाजवळ वळवता येत नाही. धारेबाबत मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो. एकेरी नायलॉनचे तंगूस ताणलेले असेल तर साध्या धारेने एका ओढीत तुटते. विणलेली म्हणजे ब्रेडेड दोरी आणि नांगराचा ओला दोर मात्र साध्या धारेवरून घसरतात, विशेषतः ते सैल असतील तर. तेथे करवतीसारखे दाते असलेली धार कामी येते. दोन्ही प्रकारचे गुंते होऊ शकतात, त्यामुळे पात्याचा टोकाकडचा भाग साधा आणि मुठीकडचा भाग दातेरी, किंवा एक कड साधी आणि दुसरी दातेरी, अशी रचना सर्वांत उपयोगी ठरते. दोन कडांना धार असलेल्या चाकूत अंगठा पाठीवर टेकवता येत नाही, ही त्याची अडचण आहे, म्हणून मी पहिली रचना पसंत करतो. काही चाकूंच्या पाठीवर तंगूस कापण्यासाठी आकड्यासारखी खाच असते. ती असेल तर उत्तम, कारण जाळ्याचा धागा अंगाला चिकटलेला असतानाही त्या खाचेत ओढून घेता येतो.

पोलादाच्या नावांवरून फार गोंधळून जाऊ नये. धरणाचे पाणी गोडे असते, त्यामुळे ४२० किंवा ४४० या साध्या स्टेनलेस प्रतीही व्यवस्थित टिकतात, मात्र वापरानंतर पुसून ठेवण्याची सवय हवी. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की ते स्टेनलेस म्हणवले जाते, पण त्याचा अर्थ ते कधीच गंजत नाही असा होत नाही. डहाणू-बोर्डीकडे किंवा कोकणच्या खाड्यांत कयाक नेणार असाल तर प्रश्न वेगळा आहे. खाऱ्या पाण्यात ४४० प्रतीवरही तांबूस ठिपके पटकन पडतात, आणि ते आधी दात्यांच्या फटीत व म्यानाच्या आत, म्हणजे दिसणार नाहीत अशाच ठिकाणी पडतात. तेथे एच-१ हे पोलाद उपयोगी आहे. त्यात कार्बनचे बरेचसे काम नायट्रोजनकडून करून घेतलेले असल्यामुळे ते जवळजवळ गंजतच नाही. टायटॅनियमचे पातेही गंजत नाही, पण त्याची साधी धार पोलादाइतकी टिकत नाही. टायटॅनियम घ्यायचेच असेल तर दातेरी घ्यावे. मूठ रबराची किंवा खरखरीत प्लास्टिकची आणि भडक नारिंगी किंवा पिवळी असावी. काळी मूठ काळ्या जॅकेटवर आणि गढूळ पाण्यात दिसत नाही.

आता म्यान. चाकूइतकेच, कदाचित चाकूपेक्षा जास्त, लक्ष म्यानावर द्यावे असे माझे ठाम मत आहे. चामड्याचे म्यान पाणी धरून ठेवते, फुगते आणि चाकू आवळून धरते, म्हणून ते नको. कडक प्लास्टिकचे, तळाला पाणी निचरण्यासाठी भोक असलेले म्यान घ्यावे. चाकू त्यात खटका लागून बसला पाहिजे आणि एका बोटाच्या दाबाने सुटला पाहिजे. दुकानातच म्यान उलटे धरून जोराने झटकून पाहावे. चाकू खाली पडला तर ते म्यान नाकारावे, आणि दोन हातांशिवाय चाकू निघत नसेल तरीही नाकारावे.

चाकू बसवायचा तो लाइफ जॅकेटवर. कयाकच्या कप्प्यात किंवा सीटमागच्या क्रेटमध्ये ठेवलेला चाकू कयाक उलटल्यावर आपल्यासोबत नसतो. चांगल्या जॅकेटवर छातीच्या वरच्या भागात चौकोनी चकती शिवलेली असते. म्यान तेथेच अडकवावे, खांद्याच्या जवळ, डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी पोहोचेल अशा बेताने. छातीच्या मध्यावर किंवा पोटापाशी चाकू ठेवणे टाळावे, कारण पाण्यातून कयाकवर परत चढताना आपण छाती आणि पोट काठावरून घासत वर ओढतो आणि त्या वेळी म्यान काठाला किंवा दोरीला अडकते. चाकूला लांब दोरी बांधून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. हातातून सुटलेला उघडा चाकू तळाला गेलेला परवडला, पण दोरीच्या टोकाशी अंगाभोवती हेलकावे खाणारा नको.

चाकू हरवला तर काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर म्हणजे आकड्याच्या आकाराचा दोर-कटर. त्याचे पाते प्लास्टिकच्या आकड्याच्या आत दडलेले असते, त्यामुळे बोट कापत नाही. पट्टा, दोर, तंगूस त्यात सरकवून ओढले की तुटते. तो स्वस्त, हलका असतो आणि जॅकेटच्या दुसऱ्या बाजूच्या खिशात सहज राहतो. मुलांना सोबत नेत असाल तर त्यांच्या जॅकेटवर चाकूऐवजी हाच द्यावा. याशिवाय बाजूने कापणारी पक्कड हवीच. मासा तडफडताना तिहेरी गळ हाताच्या तळव्यात रुतला तर कोणताही चाकू तो कापू शकत नाही. गळाची दांडी किंवा पोलादी तारेचा तुकडा कापायला पक्कडच लागते. दुकानात घेण्याआधी जुन्या गळावर ती चालवून पाहावी.

चाकू विकत घेतला म्हणजे तयारी झाली असे होत नाही. काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात, सोबत माणूस असताना, जॅकेट घालून उभे राहावे, सहा ते आठ मिलिमीटर जाडीचा ओला नायलॉनचा दोर काठीला बांधावा आणि तो आधी उजव्या, मग डाव्या हाताने कापून पाहावा. नंतर म्यानातून चाकू काढण्याचा आणि परत ठेवण्याचा सराव डोळे मिटून करावा. परत ठेवताना हात थरथरत असतात आणि त्याच क्षणी इजा होते, म्हणून या सरावाकडे दुर्लक्ष करू नये. कापताना पात्याची धार नेहमी शरीरापासून दूर वळलेली असावी आणि दोर शक्यतो ताणून धरावा.

कधी कापायचे आणि कधी नाही, हेही आधीच ठरवून ठेवावे. शरीर अडकले असेल तर दोर कोणाचा, जाळे कोणाचे, हे न पाहता कापावे; तेव्हा हातपाय झाडू नयेत, कारण प्रत्येक झटक्यासरशी जाळे आणखी वेढत जाते. एक हात स्थिर ठेवून अंगाजवळचे धागे एकेक करून तोडावेत. पण केवळ आपला गळ कोणाच्या जाळ्याला अडकला असेल तर जाळ्याला चाकू लावू नये. ते जाळे एखाद्या कुटुंबाची रोजची मिळकत असते. वल्हवत जाळ्याजवळ जावे, गळ हाताने सोडवावा, आणि ते जमले नाही तर आपले तंगूस तोडून गळ सोडून द्यावा. अडकलेल्या नांगराचा दोर कापण्यापूर्वी वारा कोणत्या दिशेला नेणार आहे ते पाहावे. नांगराच्या दोराला तरंगता गोळा आणि झटकन सुटणारी कडी लावलेली असेल तर तो कापण्याची वेळच येत नाही.

फिलेची सुरी

गंगापूर धरणाचे पाणी नाशिक शहर पिते. त्या पाण्यात माशाची आतडी आणि खवले टाकणे कोणालाही शोभणारे नाही. त्याखेरीज डुलणाऱ्या कयाकवर, गुडघ्यांमध्ये मासा धरून, सहा-सात इंचांचे टोकदार पाते चालवणे हे जाणूनबुजून संकट ओढवून घेणे आहे. म्हणून फिलेची सुरी कयाकवर न्यायचीच नाही. ती घरी ठेवावी किंवा गाडीत पेटीबंद असावी. पाण्यावर असताना मासा ठेवायचा ठरला तर लहान लाकडी दांडक्याने त्याच्या डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागे, नेमका घाव घालून त्याला आधी निपचित करावे आणि बर्फाच्या पेटीत ठेवावे. मरळ हवेतून श्वास घेते, त्यामुळे ती पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते. तिला तसेच तडफडत ठेवणे क्रूरपणाचे आहे आणि मांसाची प्रतही त्याने बिघडते.

सुरी कोणती घ्यावी हे आपण कोणता मासा खातो यावर ठरते, आणि येथे परदेशी माहिती जशीच्या तशी उचलून चालत नाही. आपल्या धरणांत रोहू, कटला, मृगल हे कार्प जातीचे मासे भरपूर असतात, आणि त्यांच्या मांसात मणक्यापासून सुटे असलेले, दुबेळक्यासारखे बारीक काटे असतात. कितीही महागडी सुरी घेतली तरी त्यांचा काटेविरहित फिले सहज निघत नाही. या माशांचे आडवे तुकडेच करावेत, आणि त्यासाठी घरातली विळी किंवा जाड पात्याचा सुरा हेच योग्य हत्यार आहे. लवचीक सुरीने कटल्याचा मणका तोडायला गेलात तर पाते वाकेल किंवा त्याची धार तरी कायमची दुखावेल. फिले करायचाच असेल तर बाजूचे मांस सोडवून त्यावर तीन-चार मिलिमीटर अंतराने उभे बारीक चरे पाडावेत, म्हणजे तळताना आतले काटे कुरकुरीत होतात.

फिलेला खरी योग्य ती मरळ आणि चिलापी. मरळीत काटे कमी आणि मांस घट्ट असते. चिलापीत बरगड्यांनंतर बारीक काट्यांची एक ओळ असते, ती इंग्रजी व्ही अक्षरासारखा काप घेऊन काढता येते. अर्ध्या-पाऊण किलोच्या चिलापीला सहा इंचांचे पाते पुरते. एक ते तीन किलोच्या मरळीला सात ते आठ इंच सोयीचे पडते. एकच सुरी घ्यायची तर सात इंचांची घ्यावी. शिंगाडा आणि मांगूर यांचे फिलेही चांगले होतात, पण त्यांच्या छातीच्या परांजवळचे टणक काटे हाताला जबर जखम करतात, म्हणून ते पकडीने आधी तोडून टाकावेत.

लवचीकपणा पाहायचा तर पात्याचे टोक लाकडी फळीवर टेकवून हलका दाब द्यावा. सात इंचांचे पाते साधारण इंचभर वाकून दाब काढताच सरळ झाले पाहिजे. त्याहून जास्त लवणारे पाते मरळीच्या घट्ट मांसात भरकटते आणि अजिबात न वाकणारे पाते बरगड्यांवरचे मांस मागे सोडते. पात्याचे पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापाने ५५ ते ५८ च्या दरम्यान असावे. हे मऊपणाकडे झुकणारे वाटले तरी अशी सुरी घरच्या घरी पटकन धारदार होते आणि हाडाला लागल्यावर तिचा कपचा उडत नाही. फिनलंडच्या रापालाची लाकडी मुठीची सुरी जगभर प्रसिद्ध आहे आणि कापते सुरेखच, पण लाकडी मूठ पाणी आणि माशाचा वास धरते. रोजच्या वापराला प्लास्टिकच्या खरखरीत मुठीची, व्हिक्टोरिनॉक्सच्या फायब्रॉक्ससारखी सुरी धुवायला सोपी पडते. मूठ आणि पाते यांच्या सांध्यावर बोट पुढे सरकू नये म्हणून उंचवटा असणे फार आवश्यक आहे, कारण माशाची बुळबुळ हाताला लागली की मूठ निसटते. मरळीला आधी राख किंवा जाडे मीठ चोळले की हा बुळबुळीतपणा बराच कमी होतो.

मासा धरणाऱ्या हातात काप न लागणारा हातमोजा घालावा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सुरक्षेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत असे मोजे मागता येतील. मात्र हे मोजे घासून जाणाऱ्या धारेपासून वाचवतात, घुसणाऱ्या टोकापासून नव्हे, हे कायम ध्यानात ठेवावे. कल्ल्यामागे मणक्यापर्यंत काप घ्यावा, पाते आडवे वळवून मणक्याच्या आधाराने शेपटीकडे लांब, सलग ओढ द्यावी. करवतीसारखे मागेपुढे केले की मांस फाटते. कातडी काढताना शेपटीचे टोक बोटांनी धरून पाते फळीला जवळजवळ समांतर ठेवावे आणि सुरीपेक्षा कातडीच हलवत ओढावी.

धार, देखभाल आणि ने-आण

फिलेच्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ अंशांच्या आसपासची धार ठेवावी. १००० ग्रिटचा (मध्यम बारीक कणांचा), पाण्याने भिजवून वापरायचा दगड आणि सिरॅमिकची कांडी एवढे साहित्य घरी पुरते. रस्त्यावर फिरत्या चाकावर धार लावून देणाऱ्याकडे विळी जरूर द्यावी, पण ही सुरी देऊ नये. चाकावर पातळ पाते तापते, त्याचे पाणी उतरते, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो, आणि नंतर धार टिकत नाही. बचावाच्या चाकूचे दाते मात्र साध्या दगडावर लावता येत नाहीत. त्यासाठी निमुळती गोल कांडी लागते, आणि प्रत्येक खाचेत सपाट नसलेल्या बाजूनेच ती फिरवावी लागते. हा चाकू दुसऱ्या कोणत्याही कामाला, अगदी आमिष कापायलाही, वापरू नये, म्हणजे त्याला धार लावण्याची गरज क्वचितच पडेल.

गाडीतून नेताना दोन्ही चाकू म्यानात घालून, मासेमारीच्या साहित्यासोबत पेटीत ठेवावेत. धरणावरून परतताना बचावाचा चाकू जॅकेटसकट काढून ठेवावा आणि तो कमरेला लावून गावात फिरू नये. शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. येथे सुचवलेली पाती या मापांच्या आतच बसतात. तरीही सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलिस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश निघतात, त्यामुळे निघण्यापूर्वी तेवढी चौकशी करावी. मासेमारीसाठी त्या जलाशयाच्या संस्थेची परवानगीही सोबत ठेवावी. नांदूरमध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आणि २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तेथे गळ आणि चाकू घेऊन जाऊ नये.

खर्चाला मर्यादा असेल तर आधी बोथट टोकाचा चाकू, आकड्याचा कटर आणि पक्कड घ्यावी. फिलेची सुरी पुढच्या हंगामाला घेतली तरी चालेल, तोवर मासा घरच्या विळीवर कापता येतो. घरी आल्यावर चाकू आणि म्यान दोन्ही गोड्या पाण्याने धुवावे, चाकू बाहेर काढून म्यान उलटे टांगून वाळवावे, पात्यावर खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि पूर्ण वाळल्यावरच चाकू पुन्हा जॅकेटवर त्याच जागी, त्याच दिशेने बसवावा.